आपल्या घरचं गाऱ्हाणं शेवटी

माझ्या मुलीला कसलीही बाधा नव्हती आणि हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी देवळात, भरल्या समाराधनेत, तिचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं. तिला ज्याने धरलंय त्याच्यापासून सोडव, असं देवाकडे मागितलं. अजाणतेपणी घडलं असतं तर आज लिहिताना हात इतका जड झाला नसता.

आचऱ्याच्या अलीकडे आमचा गाव आहे. देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. कोणाची होडी नवी उतरायची असते, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असतात, कोणाच्या मुलाला बोटीवरची नोकरी हवी असते. तो माणूस नारळ घेऊन येतो, आपलं जे काही आहे ते माझ्या कानाशी सांगतो, आणि मी ते देवापुढे मोठ्याने मांडतो. माझ्या प्रत्येक वाक्यावर जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वडील गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. एरवी मी आचऱ्याच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाईकाशी गरजेपुरतं बोलतो. पण देवासमोर उभा राहिलो की माझी जीभ सुटते, असं लोक म्हणतात. मुंबईहून येणारे चाकरमानी तर ते मोबाईलवर भरून घेतात.

गाऱ्हाण्याच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. काय चुकला माकला असात तर माफ कर म्हाराजा. मी ते सगळ्या गावासाठी म्हणत आलो. नेमकं काय चुकलं आणि कोणाचं, हे त्या वाक्यात कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही. वडिलांनी मला एकच नियम घालून दिला होता. आपल्या घरचं गाऱ्हाणं शेवटी घालायचं, आधी गावाचं.

मुलगी आठवीत असताना माझी बायको तापाने गेली. लावणीचे दिवस होते, चिखलातला ताप. आधी गोळ्या झाल्या, मग गाऱ्हाणं झालं, आणि मग आम्ही गोव्याच्या हॉस्पिटलात गेलो. तिथे पोहोचायला उशीर झाला होता. हा क्रम मी कोणाला कधी सांगितला नाही. मुलीला सांगायची गरज नव्हती, ती तिथेच होती.

त्यानंतर ती बोलायची कमी झाली. शाळेतून निरोप आला की वर्गात उभं केलं तर ही तोंड उघडत नाही. घरात मी, ती आणि माझी काकी, म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको. काकीच आमचा स्वयंपाक बघायची. मी संध्याकाळी दुकान बंद करून यायचो, जेवायचो, बातम्या लावायचो. मुलगी कोपऱ्यात बसून मोबाईलवर जपानी कार्टून बघायची. कार्टून म्हटलेलं तिला आवडत नसे. निंजांची मालिका होती ती, तिच्या जन्माच्या आधीपासून चाललेली, भागांना अंत नसलेली. निंजा म्हणजे जपानातले जुन्या काळचे लपूनछपून लढणारे योद्धे, एवढं तिने मला एकदा सांगितलं होतं. मी 'बरं' म्हणून पुन्हा बातम्यांकडे वळलो होतो.

त्या मालिकेतले निंजे बोटांच्या खुणा करतात. दोन्ही हात छातीशी आणायचे, बोटं एकमेकांत गुंतवायची, सोडायची, वेगळी गुंतवायची, आणि तोंडाने जपानीत काहीतरी म्हणायचं. मुलगी त्या खुणा शिकली. विहिरीवर जाताना, शाळेच्या एस.टी.त चढायच्या आधी ती हळूच बोटं गुंतवायची. कधी मागच्या दारी माडाखाली उभी राहून बराच वेळ करायची. दुकानात आली की काउंटरच्या पलीकडून माझ्याकडे बघत एक ठरावीक खूण करायची. मी मान हलवायचो आणि खिळे मोजायला लागायचो.

एकदा तिने मनगटाला बांधायची पट्टी शिवली, आईच्या जुन्या निळ्या ब्लाऊजच्या कापडाची. त्या पट्टीवर पत्र्याचा तुकडा लागतो म्हणाली. मी दुकानातल्या पत्र्याचा तुकडा कापला, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या आणि भोकं पाडून दिली. तिने त्यावर खिळ्याने निंजांचं चिन्ह कोरलं. हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण नंतर मी असं वागलो जणू तो पत्रा मी कधी पाहिलाच नव्हता.

ती दहावीची परीक्षा देत होती तेव्हा त्या मालिकेवरचा सिनेमा येणार असल्याची बातमी आली. मोठ्या पडद्यावर, हिंदी बोलणारा. आमच्याकडे लागणार नव्हता, गोव्याला जायला लागणार होतं.

"बाबा, मेच्या सुट्टीत लागतलो. माका न्येशात?"

किती तरी महिन्यांनी तिने माझ्याकडे काही मागितलं होतं. मी होकार दिला. त्या रात्री ती जेवताना बोलत होती. सकाळी लवकर निघायचं, कसालला हायवेला लागायच्या आधी भजी खायची, दुपारचा खेळ बघायचा, आणि येताना रेडीला मामाकडे चहाला थांबायचं. काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "आज खंयसून सूर्य उगवलो?" मुलगी हसली. आईनंतर पहिल्यांदाच.

मग काकीने तिला माडाखाली बघितलं. रोज बघतच असेल, पण त्या दिवशी भर दुपार होती आणि शेजारची म्हातारीही सोबत होती. मी घरी आलो तर दोघी ओटीवर वाट बघत बसलेल्या.

"तुझ्या चेडवाक बाधा आसा," काकी म्हणाली. "मध्यान्हीच्या वक्ताक माडाखाली उभा रवान बोटां गुतवता आनि तोंडान पुटपुटता. आपली भास नाय ती."

"गो काकी, कार्टून आसा तां. जपानी बोलतत."

"कार्टून? मगे शाळेत त्वांड उघडीत नाय, तांव कार्टून? आवस गेल्यापासून कोणाकडे बोलणा नाय, तांव कार्टूनच?"

 तिथे मला बोलता आलं असतं. पत्रा मी कापून दिला, बोटांच्या खुणा मालिकेतल्या आहेत, आणि पोर बोलत नाही कारण या घरात तिच्याशी कोणी बोलत नाही. शेवटचं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तेच मला नको होतं. बाधा असेल तर उपाय देवाकडे होता. बाधा नसेल तर तो माझ्याकडे होता, आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. काकी पुढे म्हणाली, "समाराधनेक गाऱ्हाणा घाल. तुझ्याच तोंडात देवान दिल्यान हा." मी म्हणालो, बघूया. मनात ठरून गेलं होतं.

समाराधना म्हणजे आमच्या देवळातलं वर्षाचं गावजेवण. मेमध्ये चाकरमानी आलेले असताना करतात. योग असा की सिनेमाचा गोव्यातला शेवटचा रविवार आणि समाराधना एकाच दिवशी आली. मुलीला मी सांगितलं, आधी देवळात जाऊ, गाऱ्हाणी लवकर आटोपतो आणि तिथूनच निघू. तिने मान डोलावली. काळा टी-शर्ट, मनगटाला निळी पट्टी. गाडीत पाण्याची बाटली आणि काकीने दिलेल्या घावन्यांचा डबा तिनेच नेऊन ठेवला.

देऊळ भरलेलं होतं. मी एकेकाचं गाऱ्हाणं घालत गेलो. मुलगी खांबाशी उभी राहून मोबाईलमध्ये वेळ बघत होती. शेवटी आपल्या घरचं. काकीने नारळ पुढे ठेवला आणि मुलीला हाताला धरून माझ्या बाजूला आणून उभं केलं. तिला वाटलं परीक्षेच्या निकालाचं असेल. तिने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," मी सुरू केलं, "ह्या लेकराक आवस गेल्यापासून जी काय बाधा झाली हा..."

"व्हय म्हाराजा."

"...तेच्या हातांक, तेच्या बोटांक जां काय धरून ऱ्हवला हा, तेच्या तोंडातसून जी काय परकी भास येता हा..."

"व्हय म्हाराजा!"

तिचे जोडलेले हात सुटले. मी डोळे मिटून घेतले होते, पण ती माझ्याकडे बघतेय हे मला कळत होतं. मी थांबू शकलो असतो. वाक्य जुळत होतं, मंडळींचा आवाज चढत होता, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटत होतं. मी पुढे म्हणालो, त्या बाधेला सात समुद्रांपलीकडे पाठव. चाकरमान्यांची पोरं मागे उभी होती. त्यांनी तिच्या मनगटावरची पट्टी ओळखली. एक जण ओरडला, "अरे, निंजाला भूत लागलं!" आणि हशा झाला. कोणीतरी मोबाईल वर धरला होता.

मी शेवटचं वाक्य म्हटलं. काय चुकला माकला असात तर माफ कर. डोळे उघडले तेव्हा ती शेजारी नव्हती.

गाडीत बसलेली सापडली. मी म्हणालो, "चल, जावया. अजून खेळ मिळतलो."

ती समोर बघत म्हणाली, "आयेसाठी पण तुमी असाच घातलेलात."

गाडी सुरू करायची हिंमत मला झाली नाही. आम्ही तिथेच बसून राहिलो. देवळातून पंगतीचा आवाज येत होता, वाढपी भातासाठी ओरडत होते. सिनेमाची वेळ निघून गेली. पुढच्या आठवड्यात तो गोव्यातूनही उतरला.

व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला. बाजारात ती दिसली की पोरं बोटं गुंतवून दाखवायची. दुकानात गिऱ्हाईक माझी चेष्टा करायचे, "काय रे निंजाच्या बापसा, दीड इंची खिळे आसत?" मी हसून खिळे द्यायचो. एकदा ती दुकानात उभी असतानाही हसलो. त्याच दिवशी तिने मनगटाची पट्टी काढली आणि दाराजवळच्या भंगाराच्या डब्यात टाकली, गंजलेल्या बिजागऱ्यांवर. मी बघितलं. भंगारवाला आला तेव्हा मी डबा तसाच दिला.

अकरावीला ती रेडीला मामाकडे गेली. तिनेच ठरवलं, मामाने मला फोन करून कळवलं. फोनवर माझ्याशी बोलणं फीपुरतं, तब्येतीपुरतं. गणपतीत यायची, काकीजवळ झोपायची, जायची. दुकानात कधी पाऊल टाकलं नाही. तिने कोणाकडे तक्रार केल्याचंही मी ऐकलं नाही. भांडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

आमच्या शेजारी एक ख्रिश्चन बाई राहतात, निवृत्त शिक्षिका. गाव त्यांना टीचर म्हणतो. मुलगी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जायची. एक दिवस त्या कडी-कोयंडा घ्यायला दुकानात आल्या आणि मी विचारलं नसताना म्हणाल्या, "चेडवाचो फोन येता माका. बरा आसा तां."

मी म्हणालो, "माझ्याकडे बोलणा नाय."

"कशाक बोलात? गावभर तुझी जीभ चलता रे. घरात शिरताना ती खंय काढून ठेवतंस?" कडी उलटसुलट करून बघत त्या पुढे म्हणाल्या, "तो सिनेमा तरी बघलंस काय कधी? जेच्यासाठी इतक्या रामायण केलंस तो?"

बघितला नव्हता. तोवर तो मोबाईलवर आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं खाली ओढून, रंगाच्या डब्यांमध्ये स्टूल टाकून मी तो बघितला. पहिला अर्धा भाग मला धड कळला नाही. कोण कोणाच्या बाजूने, कोण मेलं आणि पुन्हा कसं आलं. मालिका न बघता सिनेमा बघणाऱ्याचं असंच होत असणार. शत्रूने एका डोंगराला धुक्याने वेढलेलं असतं आणि त्या धुक्यात कोणाचा आवाज कोणाला ऐकू जात नाही. एक लहान निंजा मुलगी आपल्या लोकांपासून तुटते. ती ओरडते, आवाज फुटत नाही. मग ती दोन्ही हात छातीशी आणते आणि बोटं गुंतवते.

ती खूण मी ओळखली. काउंटरच्या पलीकडून माझ्याकडे बघत केलेली तीच. सिनेमात तिचा अर्थ सांगतात. मी इथे आहे, माझ्याकडे बघ.

मी सिनेमा थांबवला. बाहेर कोणीतरी शटर वाजवून थिनर मागत होतं. मी उठलो नाही. बोटं तशी गुंतवून बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. खिळे, तारा हाताळून माझी बोटं जाड झालीत. उरलेला सिनेमा मी त्या दिवशी बघितला नाही, नंतरही नाही. ती मुलगी आपल्या माणसांना सापडते का हे मला अजून माहीत नाही. कोणाला विचारायचं धाडस झालेलं नाही, कारण विचारायचं तर एकाच व्यक्तीला.

त्या रात्री तिला फोन लावला. तिने उचलला आणि विचारलं, "काकी बरी आसा मा?" मी म्हणालो, बरी आहे.  माझ्या तोंडात ठरलेलं वाक्य आलं, काय चुकला माकला असात तर, आणि त्याची मलाच शिसारी आली. मी म्हणालो, "पाऊस इलो काय थंय?" ती म्हणाली, नाही. एप्रिल चालू होता.

तेव्हा मला कळलं की हे फोनवर व्हायचं नाही. जे चारचौघांत मोडलं ते मी कोपऱ्यात बसून, कोणी ऐकत नसताना सांधायला बघत होतो.

या वर्षी समाराधनेला ती आली. माझ्यासाठी नाही. काकी पडून पाय मोडून घेऊन बसली होती आणि तिला देवळात धरून न्यायला कोणीतरी हवं होतं. काकीला पायरीजवळ खुर्चीत बसवून ती त्याच खांबाशी उभी राहिली. बारावी झालेली, केस कापलेले, चेहरा आईसारखा. मागच्या पोरांपैकी एकाने बोटं गुंतवून दाखवली. तिने त्याच्याकडे सरळ बघितलं आणि तो हात खिशात घालून बाजूला झाला. तिला आता माझी गरज उरलेली नव्हती. हे बघून बरं वाटायला हवं होतं.

मी गावाची गाऱ्हाणी घातली. होड्या, बाळंतपणं, व्हिसा, काजूवरची कीड. आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. शेवटचा नारळ मी स्वतः ठेवला. पुजाऱ्याने विचारलं, "ह्यो कोणाचो?" मी म्हणालो, घरचो.

मी हात जोडले आणि तोंड उघडलं, तर देवाला सांगण्यासारखं काही नव्हतं. त्याला सगळं आधीच माहीत होतं, त्याच्यासमोरच झालं होतं. मी वळलो. गाऱ्हाणं घालणारा देवाकडे पाठ करत नाही. मंडळींत कुजबुज झाली, काकी खुर्चीतून म्हणाली, "अरे, काय करतंस?" मी खांबाकडे बघितलं. मुलगी निघायच्या बेतात होती. मागच्या वेळचं आठवून ती पायरीकडे, चपलांच्या दिशेने वळली होती.

"बाये, थांब जरा," मी म्हणालो. "थंयसूनच ऐक. मगे जा."

ती थांबली.

"तुका कसलीच बाधा नव्हती."

"व्हय म्हा..." एक म्हातारा सवयीने बोलून गेला आणि गप्प झाला. 

"बाधा नव्हती, तां माका म्हायत होता. पत्रो मीच कापून दिललंय. तू माझ्याकडे बघून बोटांनी सांगी होतंस आनि मी खिळे मोजी होतंय. घरात तुझ्याकडे कोण बोला नाय, तो माझो दोष. तो झाकूक मी तुझा नाव घेतलंय, हंयच, ह्याच लोकांत. तुझ्या आयेच्या वक्ताक पण आधी गाडी काढूची होती, ती मी काढूक नाय." माझा आवाज फाटला होता, गाऱ्हाण्याचा तो सूर कुठेच नव्हता. "ह्या मी देवाक सांगणंय नाय, तुका सांगतंय. माफ कर, असा म्हणूचंय नाय. तां सगळ्या गावासाठी मी रोज म्हणतंय. माझा चुकला, बाये. माझा चुकला."